उभ्या गाडीचं चाक

“समुद्रावरच्या माणसाची गाडी आडवी केलीत? हात झडले नाहीत तुमचे?”

पत्र्याच्या भिंतीपलीकडून हे आलं तेव्हा लुआन शेवयांचं पाणी गाळत होती. हातातली चाळण तशीच राहिली नि पाणी पायावर सांडलं. पाय पोळला, पण ती जागची हलली नाही. हलली असती तर पुढचं ऐकू आलं नसतं, आणि भांडण अर्धवट ऐकण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

“अगं, पाच मिनिटांचं काम,” हा बान-तिक, शेजारचा गॅसवाला. “माझं पुढचं चाक वाकलंय. बर्फाच्या कारखान्याच्या खानावळीत चूल बंद पडलीय. याच्या गाडीचं चाक तासभर लावतो, मिस्त्रीकडून माझं सरळ करून आणतो, आणि याचं याला. एकट्या माणसानं चाक काढायचं तर गाडी आडवी नको करायला?”

“पाच मिनिटं! बोट उलटायला किती मिनिटं लागतात?”

“तोंड आवर.”

“मी तोंड आवरू? मी नुसतं बोलले. तुम्ही करून बसलात!”

मग लोखंडाचा खडखडाट. बान-तिक गाडी पुन्हा उभी करत होता. त्यामागून मूठमूठ मीठ-तांदूळ अंगणात फेकल्याचा आवाज, सर्र सर्र. बायको गाडीभोवती फिरत होती. लुआनने खिडकीतून मान वाकडी करून पाहिलं तर उदबत्ती हातात धरून बाई गाडीला ओवाळते आहे, आणि नवरा नट आवळता आवळता मान खाली घालून बसलाय, छडी खाल्लेल्या पोरासारखा.

हाय-बुए गावात ताटातला मासा कुणी उलटत नाही. वरची बाजू खाऊन झाली की काटा उचलायचा आणि खालचं खायचं. चमचा पालथा ठेवायचा नाही. ‘उलटणं’ हा शब्दसुद्धा जेवताना कुणाच्या तोंडी येत नाही. ज्या घरचं माणूस समुद्रावर आहे त्या घरात तर त्या माणसाची चप्पलही सरळ ठेवतात. लुआनच्या दुकानात कुणी परगावचा गिऱ्हाईक चवीने खाता खाता मासा उलटायला लागला, तर ती धावत जाऊन त्याच्या चॉपस्टिक धरायची. “भाऊ, मी काढून देते काटा.” बान-तिकला हे माहीत नव्हतं असं नाही. तो याच गावात जन्मला. पण गाडी म्हणजे काही ताटातला मासा नव्हे, असं त्याला त्या घटकेला वाटलं असावं. गॅसवाल्यांना सवयच तशी. रस्त्यात चाक बसलं की पेट्रोलची तोटी बंद करायची, गाडी जुन्या टायरवर आडवी टाकायची, एक्सल ओढायचा. मदतीला कोण येणार?

बान-तिकच्या बायकोचं नाव बाँग-यो. म्हणजे ‘असू दे, वाढवू’. पाचवी मुलगी झाली म्हणून बापाने वैतागून ठेवलेलं. ती स्वतःच म्हणायची, “माझं नावच तडजोडीचं, म्हणून मी कशातच तडजोड करत नाही.” आणि खरंच करायची नाही.

गाडी त्यांच्या मुलाची, चिन-ग्वानची. गियरची मोटारसायकल, जुन्या बनावटीची. गावात अशा गाडीला लांडगा म्हणतात. बापाकडेही लांडगा आणि मुलाकडेही, दोन्ही एकाच जातीचे, एकाच रंगाचे. बापाचा सिलिंडर वाहून वाहून कमरेत बसलेला, मुलाचा लखलखीत. नवीन घेतली तेव्हा आईने पुढच्या चाकाच्या एक्सलला लाल चिंधी बांधली होती, देवळातून आणून. चिन-ग्वान सव्वीस वर्षांचा. माकुलाच्या बोटीवर इंजिनाशी. दक्षिणेला पार लांबच्या समुद्रात जायचा, वर्ष-दीड वर्षाने यायचा. जाताना गाडीखाली कौलांची चळत लावून पुढचं चाक बोटभर उचलून ठेवायचा आणि आईला सांगायचा, “आई, रोज थोडं फिरव हं. नाहीतर खारं वारं आत शिरतं नि चाक जाम होतं.”

त्या भांडणाला एकेचाळीस दिवस झाले आणि वायरलेसवरचा बोटीचा आवाज बंद झाला. शेवटचा निरोप होता, हवामान बरं नाही, बाकी ठीक. बोट गेली, बोटीवरचे एकोणीस जणही गेले. कंपनीची माणसं फळांच्या टोपल्या घेऊन आली आणि दारातच वाकून वाकून नमस्कार करत राहिली.

गावातल्या बाकीच्या घरांनी रीतीप्रमाणे किनाऱ्यावर जाऊन बांबूला कपडा बांधून हाका मारल्या, जीव घरी बोलावला, देव्हाऱ्यात नावाची पाटी बसवली. बाँग-यो गेली नाही. “पाटी बसवायला माझा मुलगा काय मेलाय?” असं दारात उभं राहून म्हणाली. तिच्याशी वाद घालायला कुणी पुढे झालं नाही.

नवऱ्याला ती त्या दिवशी एकच वाक्य बोलली. भिंत तीच, पत्राही तोच, लुआनचे कानही तेच. “पुन्हा त्या गाडीला हात लावायचा नाही.”

त्यानंतर त्या नवरा-बायकोत भांडण म्हणून झालं नाही. भांडायला बोलावं लागतं.

असं नाही की अगदी मुके झाले. घर चालायला चार शब्द लागतात, ते लुआनच्या दुकानातून जायचे. सकाळी बाँग-यो भाजी निवडता निवडता म्हणायची, “लुआन, त्यांना सांग, मीठ संपलंय.” दुपारी बान-तिक सिलिंडर घेऊन आला की विचारायचा, “घरी काय लागतंय गं?” लुआन सांगायची, “मीठ.” संध्याकाळी मीठ दाराच्या कडीला पिशवीत लटकलेलं असायचं. हाक नाही, काही नाही. दोघं एकाच घरात, आणि निरोप मात्र शेवयांच्या दुकानाला वळसा घालून. लुआन एकदा वैतागून म्हणाली, “माझी काय तारायंत्राची कचेरी आहे का रे, तिकदादा?” तो म्हणाला, “कचेरीला पगार असतो. तुला सूप उकळायला गॅस मिळतो तेवढं बघ.”

असा होता बान-तिक. बोलायला आखूड, पण बोललाच तर पानात लोणचं वाढावं तसं. अंगाने वाळका, उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली. चाळीस वर्षं त्या खांद्यावर सिलिंडर चढला. भरलेला सिलिंडर म्हणजे एक चांगलं खाऊनपिऊन सुखी असलेलं पोर, आणि तो तसली तीन पोरं एका वेळी गाडीवर घालायचा, दोन्ही बाजूंना एकेक नि मागे एक आडवं. मागे एवढं ओझं की पुढचं चाक रस्त्याला नुसतं टेकायचं, जावई सासरी टेकतो तसं. वळताना गाडी उधळेल असं बघणाऱ्याला वाटायचं. ती कधी उधळली नाही.

स्वयंपाकघरात शिरला की जुना सिलिंडर काढायचा, नवा जोडायचा, आणि मग खिशातून डबी काढायचा. डबीत साबणाच्या पाण्यात भिजलेला स्पंजाचा तुकडा. तो जोडावर पिळायचा आणि वाकून बघत बसायचा. दुसरे गॅसवाले एक नजर टाकून पळत. हा श्वास धरून बसायचा. फेस स्वस्थ राहिला की म्हणायचा, “बुडबुडा नाही. निवांत शिजवा.” हे वाक्य त्याने गावातल्या प्रत्येक चुलीपाशी म्हटलंय. लुआनने ते किती वेळा ऐकलं याला गणती नाही.

आणि बाँग-यो रोज सकाळी अंगणात यायची. ओल्या फडक्याने मुलाची गाडी पुसायची, मग पुढच्या चाकाला हात घालून पाव फेरा द्यायची. पावच. पूर्ण फेरा का नाही, असं लुआनने एकदा विचारलं. ती म्हणाली, “थोडं उद्यासाठी ठेवावं.” त्या वेळी बान-तिक ओट्यावर सोयाचं दूध पीत बसलेला असायचा आणि दुसरीकडे बघायचा. अकरा वर्षं त्याने दुसरीकडे बघितलं. त्या बाजूला बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं शेजारच्या घराचं गटार.

महिन्यातून एकदा बाँग-यो समुद्रदेवी माझूआईच्या देवळात कौल लावायची. लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकले आणि वर एक सपाट एक फुगीर बाजू आली की देवी हो म्हणते. दोन्ही फुगीर पडले की नाही. दोन्ही सपाट पडून डुलायला लागले की देवी हसते, म्हणजे उत्तर देत नाही. बाँग-योचा प्रश्न एकच, पोरगा येईल का? आणि अकरा वर्षं देवी हसतच होती. क्वचित एखाद्या महिन्यात नाही म्हणायची, तेव्हा बाँग-यो म्हणे की हात थरथरला, धरायचं नाही. लुआन बरोबर जायची. ती मनात म्हणायची, आई गं, एकदा काय ते सांगून टाक आणि या बाईला मोकळी कर. पण देवीच्या कामात कोण बोलणार?

मग बाँग-योच्या पित्ताशयात खडे झाले. तालुक्याच्या दवाखान्यात बारा दिवस ठेवली. दिवस थंडीतले, ईशान्येचं वारं सुटलेलं. त्या वाऱ्यात हाय-बुएत सायकलची घंटासुद्धा आठवड्यात गंजते. बान-तिक सकाळचे सिलिंडर टाकून दवाखान्यात जाऊन बसायचा, आणि तिथे तरी लुआनची गरज नव्हती, कारण परिचारिका होती. “बाईंना विचारा पाणी हवंय का.” परिचारिकेला वाटलं, माणूस डोक्याने जरा कमी आहे.

घरी सकाळी तो ओट्यावर दूध पीत बसायचा. आता अंगणात कुणी नव्हतं. गाडी समोर उभी. लुआन दुकानाचं दार उघडताना बघायची. तिला वाटायचं, आज उठेल. आज हात लावेल. चौथ्या दिवशी ती न राहवून म्हणालीही, “तिकदादा, ते चाक कुणीतरी फिरवायला हवं.”

“हो,” तो म्हणाला.

“मी फिरवू?”

“तुझं नाही ते.”

“मग तू फिरव ना.”

त्याने पेला विसळला, उपडा न घालता सरळच ठेवला, आणि कामाला गेला. बारा दिवस असेच गेले.

बाँग-यो घरी आली तेव्हा पोटाला पट्टा होता आणि चालताना कमरेत वाकत होती. पहिलं काय केलं असेल तर अंगणात गेली. चाकाला हात घातला. चाक हललं नाही. तिने दोन्ही हात घातले. नाही. ब्रेकची लायनर आत गंजून ड्रमला चिकटली होती. गाडीला भोवळ यावी तशी सगळी गाडी हलली, पण चाक जागचं हललं नाही.

त्या दिवशी अकरा वर्षांनी पत्र्यापलीकडून पुन्हा आवाज आला. मोठा नव्हता. लुआनला चुलीचा जाळ बारीक करावा लागला.

“एवढंही झालं नाही तुमच्याच्याने?”

“तूच म्हणाली होतीस, हात लावायचा नाही.”

“म्हणाले होते.”

“मी लावला नाही.”

मग बाई म्हणाली, “बरोबर आहे. तेव्हा लावला तो लावायला नको होता, आणि आता लावायला हवा होता.”

लुआनने जाळ पुन्हा मोठा केला. काही गोष्टी भिंतीपलीकडच्यांच्याच असतात.

दुर्दैव एकट्याने येत नाही, ते शेजाऱ्यालाही घेऊन येतं. आठच दिवसांत बान-तिकच्या स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक गेलं. बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर गटारावरची जाळी खचलेली होती, चाक तीत बसलं. त्याला काही झालं नाही, सिलिंडरही शाबूत. पण रिम दोन ठिकाणी तडकली आणि पाच स्पोक उपटून आले, म्हाताऱ्याच्या दातांसारखे. गंजाने आतून आधीच पोखरलेलं होतं ते.

होक मिस्त्रीने चाक हातात घेऊन दोन्हीकडून बघितलं. होक म्हणजे गावातला एकमेव काळहात्या. गाड्या दुरुस्त करणाऱ्याला इकडे काळ्या हातांचाच म्हणतात, आणि होकचे तर लग्नाच्या फोटोतही काळेच आहेत.

“सरळ नाही होणार, तिकदादा. हे चाक नाही राहिलं, ही चाळण झाली.”

“दुसरं बघ.”

“कुठं बघू? हे बनवायचं बंद होऊन मुलांची लग्नं झाली. भंगारात आहेत ती सगळी डिस्क ब्रेकची. ते बसवायचं तर पुढचे दोन्ही दांडे बदलायचे, वरचा जोड बदलायचा. मग गाडीत तुझं काय राहिलं? हॉर्न?”

तरी होकने चार गावांत फोन केले. बान-तिक बस धरून दोन भंगारवाल्यांकडे जाऊन आला. एका ठिकाणी तसलं चाक मिळालं, पण त्याचा मधला तुंबा फुटलेला. दुसऱ्या ठिकाणी तेही नाही. तोवर गॅसच्या दुकानाच्या मालकाने सांगून टाकलं की महिनाअखेरीस छोटा ट्रक घेतोय, भाचा चालवेल, दादांनी आता आराम करावा. चांगल्या मनानेच सांगितलं. पण ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुली पेटवल्या त्याने आराम कुठे करावा? घरी? त्या घरात? लुआनला त्या दोघांचा दिवसभर समोरासमोरचा आराम डोळ्यांपुढे आला आणि अंगावर काटा उभा राहिला.

होक मिस्त्री लुआनच्या दुकानात माशाच्या गोळ्यांचं सूप पीत होता तेव्हा म्हणाला, “गावात तसलं एक चाक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे कुठं आहे. ते जाम आहे, ते मी अर्ध्या दिवसात सोडवून देतो. पण मागायला मी जाणार नाही. मला अजून जगायचंय.”

“हळू बोल,” लुआन म्हणाली.

“हळूच बोलतोय.”

“तुझं हळू बंदरापर्यंत जातं रे मुडद्या.”

बान-तिक कोपऱ्यातल्या स्टुलावर होता. तो म्हणाला, “त्या चाकाचं बोलायचं नाही.” आणि उठून पायी चालत गेला. चाळीस वर्षांत गावाने त्याला रस्त्याने पायी जाताना पाहिलं नव्हतं. गाडीशिवाय तो उगीच तिरका दिसत होता, खांदा खाली आणि त्यावर काहीच नाही.

पत्र्याला कान असतात, फक्त लुआनच्याच बाजूने नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाँग-यो दुकानात आली. लुआनला वाटलं निरोप असेल. मीठ, नाहीतर तेल.

“चल देवळात,” ती म्हणाली.

“आज? आज तुझी तिथ नाही.”

“माहितीय.”

देवळात कुणी नव्हतं. बाँग-यो पोटाचा पट्टा सावरत गुडघ्यांवर बसली. कोरी दोन्ही तळहातांत धरल्या, कपाळाला लावल्या. ओठ हलले. टाकल्या. दोन्ही सपाट पडल्या आणि डुलायला लागल्या. देवी हसली.

“झालं,” बाँग-यो म्हणाली. “हस. आणखी हस.”

तिने कोरी उचलल्या आणि बराच वेळ धरून ठेवल्या. या वेळी प्रश्न तोंडाने मोठ्याने विचारला, कदाचित लुआनने ऐकावा म्हणून, कदाचित स्वतःलाच ऐकू यावा म्हणून.

“आई, त्याचं चाक त्याच्या बापाला देऊ?”

एक सपाट, एक फुगीर. जागच्या जागी पडल्या, डुलल्यासुद्धा नाहीत. कौल तीनदा घ्यायचा असतो. तिन्ही वेळा तसाच.

लुआनला वाटलं बाई रडेल. ती रडली नाही. कोरी ताटात ठेवल्या, सरळ, शेजारी शेजारी. म्हणाली, “अकरा वर्षं मी तिला चुकीचं विचारत होते. तिनं तरी काय सांगावं? विचारलं ते तिच्या हातात नव्हतं, म्हणून हसत होती बिचारी.”

परतताना वाटेत एवढंच म्हणाली, “त्यांना सांग.” मग दहा पावलं चालली आणि थांबली. “नको. मीच सांगते.”

बान-तिक ओट्यावर बसलेला होता. ती समोर जाऊन उभी राहिली. लुआन आपल्या दाराशी थांबली, किल्ली कुलपात घालून, न फिरवता.

“चाक काढा,” बाँग-यो म्हणाली.

तो ओट्यावरून उठला.

“उभ्याने काढा. आडवी करायची नाही.”

“नाही करत.”

“मी धरते.”

“तुझं पोट...”

“पोटाचं मी बघते. तुम्ही नटाचं बघा.”

होक मिस्त्रीला बोलावलं. तो काळे हात घेऊन आला आणि पहिल्यांदाच त्या अंगणात काही विनोद न करता बसला. बान-तिकने गॅसच्या दुकानातून रिकामा सिलिंडर आणला, बसका, बुटका. कौलं काढून इंजिनाखाली सिलिंडर सरकवला, वर पोत्याची घडी. गाडी डबल स्टँडवर, मागे लुआन बसली वजनाला. ती अंगाने भरलेली, तेवढा तरी उपयोग झाला. बाँग-योने पुढून हँडल दोन्ही हातांनी धरलं, गाईची शिंगं धरावीत तसं.

होकने आधी ब्रेकची तार सोडली, मग मीटरची. नटावर तेल सोडून थांबला. “पाच मिनिटं लागतील,” असं म्हणाला आणि लगेच जीभ चावली. पण त्याचं कुणी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं असेल तर दाखवलं नाही.

एक्सलला लाल चिंधी होती. आता लाल कसली, मातकट, मिठाने ताठ झालेली. गाठ सुटेना. होकने कात्री मागितली. बाँग-यो म्हणाली, “कापायची नाही.” तिने हँडल एका हाताने धरलं, वाकली, आणि दातांनी गाठ सोडवली. पट्ट्याखाली दुखलं असणार, तोंड वेडंवाकडं झालं. चिंधी सुटली ती तिने मनगटाला गुंडाळली.

नट फिरला. बान-तिकने एक्सलच्या दुसऱ्या टोकाला लाकूड धरून हातोडीने हळूहळू ठोकलं. एक्सल इंच इंच सरकला. चाक खाली त्याच्या मांडीवर आलं. त्याने ते धरलं आणि तसाच बसून राहिला. त्याचे हात रिमवरून फिरत होते, कुठे तडा आहे का बघत असावेत. तडा नव्हता. बाईने अकरा वर्षं पुसलेली रिम होती ती.

“जड आहे,” तो म्हणाला. इतकी वर्षं सिलिंडर उचलणारा माणूस.

बाँग-योने हँडल सोडलं नाही. “आता ही पडेल का?” तिने होकला विचारलं.

“नाही वहिनी. सिलिंडरवर बसलीय. पन्नास वर्षं अशीच राहील.”

“पन्नास नको. आहे तोवर राहू दे.”

होकने चाक घरी नेऊन ब्रेक सोडवला, घासला, वंगण भरलं. बान-तिकच्या गाडीला बसवताना ब्रेकची थाळी दांड्यावरच्या खुंटीत नीट बसली की नाही हे त्याने तीनदा बघितलं, आणि बान-तिकने चौथ्यांदा. काळ्या कळकट गाडीला पुढे लखलखीत चाक. गाव म्हणालं, म्हाताऱ्याने नवे दात बसवले.

यातून काही सुधारलं असं कुणी समजू नये. महिनाअखेरीस मालकाने ट्रक घेतलाच. मोठी गिऱ्हाइकं ट्रकवर गेली. बान-तिककडे बोळातली घरं राहिली, जिथं ट्रक शिरत नाही. त्याच वर्षी बाँग-योने देव्हाऱ्यात मुलाच्या नावाची पाटी बसवली. किनाऱ्यावर जाऊन बांबूला त्याचा शर्ट बांधला आणि हाका मारल्या. लुआन बरोबर होती. वारं समोरून होतं, हाका सगळ्या मागे गावातच आल्या. बान-तिक बांबू धरून उभा होता. परत येताना त्याने विचारलं, “आला असेल का गं?” बाँग-यो म्हणाली, “कोण जाणे. वाट तरी माहीत आहे त्याला.”

पुढचं चाक नसलेली ती गाडी अंगणात तशीच सिलिंडरवर टेकून राहिली. बाँग-योने तिला पुसणं सोडलं. पण सकाळचा हात कुठे जाणार? ती आता नवऱ्याच्या गाडीपाशी यायची आणि पुढच्या चाकाला पाव फेरा द्यायची. दिवसभर पळणाऱ्या चाकाला सकाळी पाव फेरा देऊन काय होणार? लुआनने विचारलं नाही. बान-तिक ओट्यावर दूध पीत असायचा आणि आता तिच्याकडे बघायचा. गटाराकडे बघायचं त्याने सोडलं, तेवढं झालं. रोजचं बोलणं मात्र परत आलं नाही. निरोप दुकानातूनच जात राहिले. सवय झाली की तीही घरातलंच माणूस होते.

दोन वर्षांनी बान-तिक गेला. जेवून वेताच्या खुर्चीत दुपारचा डोळा लागला, तो उघडला नाही. दवाखाना नाही, धावपळ नाही. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या बाँग-योने देव्हाऱ्याच्या खणात ठेवल्या. दोन्ही गाड्या आता अंगणात आहेत आणि चाक कुणीच फिरवत नाही. खारं वारं त्याचं काम करतंय. बाँग-यो म्हणते, आता उद्यासाठी ठेवण्यासारखं काही नाही.

तो गेला त्या दिवशी सकाळी मात्र सगळं रोजच्यासारखंच होतं. तिने पाव फेरा दिला. त्याने पेला विसळून सरळ ठेवला. एकच सिलिंडर होता, लुआनच्याच दुकानाचा. हातभर अंतर, पण तो गाडीवरून आला, बोळाला वळसा घालून. चाळीस वर्षांत सिलिंडर हाताने ढकलत नेला नव्हता आणि आता नेणार नव्हता. खांद्यावर चढवून आत आणला. जुना काढला, नवा जोडला. डबी काढली, स्पंज पिळला, वाकून बसला. त्या दिवशी जरा जास्तच वेळ बसला असं लुआनला नंतर वाटलं, पण नंतर काय, काहीही वाटतं.

“बुडबुडा नाही,” तो म्हणाला. “निवांत शिजव.”

“तिकदादा, शेवया खाऊन जा.”

“नको. घरी काय लागतंय गं?”

“मीठ.”

त्याने मान हलवली आणि गाडीला किक मारली. किराणा दुकान बंदरापाशी. जाऊन आला तेव्हा लुआन कांदापात चिरत होती. तिने पत्र्याच्या फटीतून बघितलं. त्याने गाडी डबल स्टँडवर लावली, हलवून बघितली पक्की उभी आहे ना. मग मिठाची पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि हाक न मारता आत गेला.